जनरलचा खोकला

करांगनिती गावात कार्सिनी एकटी कुणाच्या घरी जात नाही. पुढे ती, खांद्याला कापडी पिशवी, आणि थोडी मागे तिची सासू नीनी वार्सेम, म्हणजे वार्सेमआजी, गालात पान. दोघींचं भांडण वाटेतच सुरू झालेलं असतं. त्यामुळे फाटकावर हाक मारायची गरज पडत नाही.

कार्सिनीचं काम म्हणजे ज्या घरात लहान मूल आहे त्या घरी जाऊन आईबापांशी बोलणं. बाळाशी काय खेळावं, वरचं अन्न कधी सुरू करावं, हट्ट करणाऱ्या पोरावर हात न उचलता दुसरं काय उचलावं. महिन्यातून एकदा गावच्या सभामंडपात वर्ग असतो, बाकीच्या दिवसांत घरभेटी. मानधनाचा विषय निघाला की ती हसते आणि दुसरं बोलायला लागते. नवरा ट्रकवर होता, तो अपघातात गेला. मूलबाळ नाही. 'हिला स्वतःला मूल नाही आणि ही आम्हाला शिकवते' हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं की आता वर्गाची सुरुवात ती स्वतःच त्या वाक्याने करते. म्हणजे मागच्या रांगेतल्यांना नवं काहीतरी शोधावं लागतं.

हा कार्यक्रम जिल्ह्याच्या कचेरीत आखला गेला, तेव्हा आखणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: दिवसा घरी आई असते. पुर्बालिंग्गा शहराच्या आसपासच्या गावांत ती नसते. ती सकाळीच स्कूटरवर बसून खोट्या पापण्यांच्या कारखान्यात जाते, दिवसभर दोऱ्यावर एकेक केस गाठते आणि संध्याकाळी डोळे चोळत परत येते. घरी असतो बाप. कडेवर मूल आणि छपराच्या आढ्याला पिंजरा. बायका पापण्या करतात आणि नवरे पापणी न लववता पक्ष्याकडे बघत बसतात, असं गावातच म्हणतात.

कचेरीतून आलेल्या, पानं उलटायच्या चित्रांच्या पाटीवर मात्र सगळीकडे आईच होती. आई भरवते आहे, आई न्हाऊ घालते आहे, आई गोष्ट सांगते आहे. बाप लोक ती चित्रं बघून म्हणायचे, "छान आहे, बायको आली की सांगतो." कार्सिनीने कारखान्यातून टाकाऊ पापण्या मागून आणल्या आणि डिंकाने प्रत्येक आईच्या ओठांवर मिशी म्हणून चिकटवल्या. तपासणीला आलेल्या बाई पाटी बघून बराच वेळ थांबल्या.

"या कोण?"

"या नाहीत मॅडम. हे."

"यांनी तर बायकांसारखं काहीतरी नेसलंय..."

"सारोंग आहे. आमच्याकडे बाप घरी सारोंगवरच असतात."

बाईंनी पुढचं चित्र उलटलं. त्यात मिशीवाला बाळाला दूध पाजत होता. तेवढं एक काढून ठेवायला सांगून त्या गेल्या.

दुसरी अडचण अशी चिकटवून सुटण्यासारखी नव्हती. कार्सिनी विधवा, वय चाळिशीचं, आणि दिवसा घरात एकटा पुरुष. गावप्रमुखाच्या बायकोने तिला बाजूला घेतलं. "माझं काही म्हणणं नाही गं, मी लोकांचं सांगते." हे म्हणणारी माणसं लोकांचं फार कमी सांगतात. कार्सिनीने काम सोडायचं ठरवलं. पिशवी परत करायला निघाली, तेव्हा ओसरीवर टोपली विणत बसलेली सासू म्हणाली, "मी येते बरोबर. माझ्यासमोर कोण काय बोलतंय बघू."

कोणी काही बोललं नाही. बोलायला नीनीच लागली.

नीनीने सात मुलं वाढवली होती, तीही एकाही वर्गाला न जाता. ती कार्सिनीच्या शेजारी चटईवर बसे, चहा पुढे येण्याआधीच "साखर जास्त घाल रे" म्हणे आणि कार्सिनीचं एकेक वाक्य पूर्ण होण्याची वाट बघे. वाक्य झालं की म्हणे, "काहीतरीच!"

"सहा महिने फक्त आईचं दूध," कार्सिनी सांगत होती.

"काहीतरीच! तुझ्या नवऱ्याला मी चाळिसाव्या दिवशी केळं कुस्करून चारलं होतं."

"आणि ते पंचेचाळिशीत गेले, आई."

"तो केळ्याने नाही गेला. ट्रकने गेला."

बाप लोकांना हे आवडायचं. कार्सिनीचं ऐकायला जे फाटकापर्यंत आले नसते, ते या दोघींचं ऐकायला शेजाऱ्यालाही बोलवायचे. कार्सिनीला ते कळत होतं आणि आवडत नव्हतं. तिने प्रशिक्षण घेतलं होतं. नीनीने पान घेतलं होतं.

दारसुनच्या घरी त्या पहिल्यांदा गेल्या, तेव्हा तो फाटकापर्यंत अनवाणी धावत आला आणि ओठांवर बोट ठेवून उभा राहिला.

"हळू," तो कुजबुजला. "जनरल शिकतोय."

जनरल म्हणजे त्याचा दयाळ पक्षी. पिंजऱ्यावर कापड, कापडाखाली छोटा स्पीकर, त्यातून बारीक आवाजात बुलबुल, शिंपी, खंड्या यांची गाणी. दयाळ ऐकतो ते उचलतो. चांगलं ऐकवलं तर स्पर्धेत झेंडे मिळतात. पण एकदा का त्याच्या गळ्यात मांजर किंवा करकरणारं दार शिरलं की ते निघत नाही आणि पंच त्या पिंजऱ्याकडे बघतही नाहीत. म्हणून दारसुनने बिजागऱ्यांना तेल घातलं होतं, मांजर मेहुण्याला दिलं होतं, कोंबडा कापून खाल्ला होता. बायको घरी नसे तेव्हा तो स्वतः बोलत नसे. आणि मूल रडायला लागलं की त्याला उचलून मागच्या केळीच्या बनात नेऊन गप्प होईपर्यंत झुलवत असे.

मूल चटईवर बसलं होतं. दोन वर्षांचं व्हायला आलेलं, गुटगुटीत, स्वच्छ, कानामागेसुद्धा पुसलेलं. नाव अल्वारो. आजकाल गावात अशीच नावं ठेवतात. नीनीने नाव ऐकून विचारलं होतं, "हे पोराचं आहे की खोकल्याच्या औषधाचं?"

अल्वारो एकही शब्द बोलत नव्हता. आई नाही, बाबा नाही, दे नाही. दवाखान्यात कान तपासून झाले होते, ते उत्तम होते.

बाप म्हणून दारसुनमध्ये काही काढण्यासारखं नव्हतं. तो मारत नव्हता, ओरडत नव्हता, मुलासमोर विडी ओढत नव्हता, पपई सुद्धा बिया काढून भरवत होता. कार्सिनीच्या पाटीवरच्या कुठल्याही चित्रात तो बसला असता. फक्त चित्राइतकाच गप्प होता.

"पुर्वांती म्हणते, ईद झाली की याला तिच्या आईकडे ठेवायचं. वोनोसोबोला," तो रातकिड्याचे पाय काढता काढता म्हणाला. पुर्वांती त्याची बायको. "तिथे भावाची पाच पोरं आहेत. म्हणते, तिथे बोलायला शिकेल. मग बघू, कधी आणायचं ते." त्याने रातकिडा पिंजऱ्यात सोडला. दुसरा उचलला आणि तसाच हातात धरून बसला. मुलाला रोज न्हाऊ घालणारा, झोपवणारा, केळीत झुलवणारा तोच होता. ते आता वोनोसोबोला जाणार होतं.

पुर्वांतीने कार्सिनीला हेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं होतं. "पोरगं गप्प, नवरा गप्प. कामावरून घरी येते तर वाटतं कुणाच्या मयतीला आले."

कार्सिनीने पाटी काढलीच नाही. तिने विचारलं, "दारसुन, पिल्लू असताना दयाळाला काही ऐकवलंच नाही तर काय होतं?"

"वाया जातो. जन्मभर चकचक करतो नुसता."

"कधीपासून ऐकवायचं?"

"पंख फुटायच्या आधीपासून. रोज. भरपूर."

"मग?"

दारसुनने पिंजऱ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. त्याचा चेहरा बदलला. "मग," तो म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलं कुणी?"

कार्सिनी खुशीत घरी आली. वाटेत नीनी म्हणाली, "काहीतरीच. पोर काय पक्षी आहे?"

पुढच्या मंगळवारी त्या गेल्या, तेव्हा आढ्याला सारोंगची झोळी टांगली होती. झोळीवर पिंजऱ्यावर असतं तसंच कापड, चारी बाजूंनी नीट खोचलेलं. आतून एक माणूस श्वास न घेता बोलत होता. फुटबॉलच्या सामन्याचा समालोचक.

"पक्षीवाल्यांच्या मंडळाची बैठक घेतली," दारसुन अभिमानाने कुजबुजला. "कुणाचा आवाज लावायचा यावर. गावप्रमुखाचं नाव आलं होतं, पण ते वाक्य अर्धवट सोडतात. मौलवींचा आवाज चांगला, पण शेवटी ते रडतात. पोरगं रडायला शिकलं तर? हा माणूस बघा. शब्द स्वच्छ, चढउतार उत्तम, दम प्रचंड."

आत अल्वारो घामाघूम होऊन गाढ झोपला होता. स्पीकरवर पाहुण्या संघाने गोल केला.

नीनीने कापड बाजूला केलं. "अरे, पोरगं आहे का उकडायला ठेवलेलं रताळं?"

"आई बरोबर बोलतायत," कार्सिनी म्हणाली.

दोघींचं एकमत झालेलं त्या दिवशी प्रथमच कोणी ऐकलं. दारसुन घाबरला आणि त्याने स्पीकर बंद केला.

"यंत्र नाही चालत माणसाच्या पिल्लाला," कार्सिनी म्हणाली. "तुझं तोंड लागतं. तू बोल त्याच्याशी."

"काय बोलू? तो उत्तर देत नाही."

"समोर आहे ते बोल."

दारसुनने मुलाला मांडीवर घेतलं, घसा साफ केला. "अल्वारो. हे केळं आहे." मग त्याने कार्सिनीकडे बघितलं. "आता?"

"आता तो कुठे बघतोय ते सांग."

"तुमच्याकडे बघतोय."

"मला नको सांगू. त्याला सांग."

"अल्वारो, तू बू कार्सिनींकडे बघतोयस," दारसुन कोर्टात साक्ष द्यावी तसा, मानाचं 'बू' लावून म्हणाला.

"काहीतरीच!" नीनी म्हणाली. "माझ्याकडे बघतोय तो."

ते खरं होतं. पोरगं नीनीकडेच बघत होतं. तिचं तोंड पानाने लाल, ते सतत हलत होतं आणि त्यातून आवाज येत होते. त्यातला सगळ्यात मोठा आवाज खोकल्याचा. नीनीचा खोकला तीन मजली. खाली खोल घरघर, मध्ये शिट्टी, वर घसा खाकरून केलेला शेवट. गावातली माणसं त्यावरून ती कुठल्या गल्लीत आहे ते सांगतात. तो पहिल्यांदा ऐकून अल्वारोने हातातलं केळं खाली ठेवलं होतं.

मग दर मंगळवारी हेच चाललं. कार्सिनी सांगायची, नीनी खोडायची, दोघींचे आवाज चढायचे, दारसुन दोन्ही हात खाली दाबत "हळू, हळू" करायचा आणि पोरगं हिच्याकडून तिच्याकडे मान फिरवत बसायचं. दारसुनने पिंजरा परसात नेऊन टांगला. नीनीचा खोकला परसाच्या पलीकडच्या तळ्यापर्यंत जातो, हे त्याने लक्षात घेतलं नाही.

रोजे सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी बाजारामागच्या मैदानावर स्पर्धा होती. जनरलवर बऱ्याच जणांची नजर होती. दोरीच्या पलीकडे मालक, आत ओळीने पिंजरे, मधून हातात झेंडे घेतलेले पंच. जनरलने शेपटी उघडली आणि बुलबुल काढला. मग शिंपी. मग खंड्या असा काही काढला, की पंचाने तिथेच पिंजऱ्याखाली झेंडा रोवला. दारसुनने शेजाऱ्याचा दंड धरला.

जनरल थांबला. छाती फुगवली. आणि खोकला.

खोल घरघर, मध्ये शिट्टी, शेवटी खाकरणं. काहीही सुटलं नव्हतं. पंचाने मागे वळून बघितलं. गर्दीत दोघातिघांनी नीनीसाठी वाट करून दिली. ती तिथे नव्हतीच, घरी टोपली विणत होती. जनरलने सगळ्यांचं लक्ष आहे हे बघून पुन्हा खोकून दाखवलं. पंचाने वाकून झेंडा उपटला.

"दारसुनदादा," मागून कोणीतरी म्हणालं, "त्याला गरम पाणी द्या."

संध्याकाळी दारसुन कार्सिनीच्या फाटकाशी आला. आत आला नाही. आमच्याकडे माणसं रोखठोक बोलतात. कोणी अदबीची, दरबारी भाषा काढली तर समजावं की तो भयंकर चिडला आहे.

"आपण आमच्या गरिबाच्या घरी येण्याची तसदी यापुढे घेऊ नये," दारसुन म्हणाला. "आपल्या पूज्य सासूबाईंनी तर मुळीच घेऊ नये, ही नम्र विनंती."

तो गेल्यावर नीनीने आतून विचारलं, "काय म्हणाला?"

"येऊ नका म्हणाला."

"मग एवढा वेळ काय बोलत होता?"

नीनीशिवाय कार्सिनी त्या घरी जाऊ शकत नव्हती आणि नीनीला बंदी होती. रोजे सुरू झाले. कार्सिनीने पुर्वांतीला कारखान्यातून येताना रस्त्यात गाठलं.

"ठरलं का गं?"

"ठरलं. त्याचे कपडे वेगळे काढलेत."

"थोडी वाट बघ."

"बू, किती बघू? वोनोसोबोला निदान आवाज तरी आहे."

त्या दिवशी कार्सिनी सासूला बोलली. इतकी वर्षं काम करते, एक घर असं गेलं नव्हतं, आणि ते कशाने गेलं तर तुमच्या खोकल्याने. पोर बापापासून तुटणार ते वेगळंच. नीनी 'काहीतरीच' म्हणाली नाही. सूर्य मावळल्यावर आल्याचा तुकडा तोंडात धरायला लागली आणि खोकला आला की उठून गोठ्याच्या मागे जायला लागली.

अशाच एका संध्याकाळी, रोजा सोडायला थोडा वेळ असताना, फाटकाशी मोटरसायकल थांबली. पुढे टाकीवर अल्वारो, मग दारसुन, मागे पुर्वांती आणि तिच्या मांडीवर कापडाने झाकलेला पिंजरा. रोजा सोडायच्या वेळी दारात आलेल्याला कोणी परत पाठवत नाही. कार्सिनीने चटई अंथरली. निघालेत वोनोसोबोला, तिला वाटलं, निरोप घ्यायला आलेत.

दारसुनने पिंजरा खुंटीला अडकवला आणि कापड काढलं. "थांबा," तो म्हणाला. "ऐका."

सगळे थांबले. जनरल चोच घासत बसला. मशिदीचा नगारा वाजला. चहा आणि आंबवलेल्या सोयाबीनची गरम टेंपे भजी समोर होती, पण कोणी हात लावेना. नीनीने लावला.

"काय ऐकायचं आहे?" तिने तोंड भरलेलं असताना विचारलं.

तेवढ्यात जनरल खोकला.

अल्वारोने मान वर केली. आधी पिंजऱ्याकडे बघितलं, मग फाटकाकडे, मग चटईवरच्या म्हातारीकडे. हात लांब केला आणि स्वच्छ म्हणाला, "नीनी!"

पुर्वांती म्हणाली, "हे असं गेल्या आठवड्यापासून. पक्षी खोकला की हा फाटकाकडे पळतो. दोन वर्षं मी याला उराशी धरला, आणि पहिला शब्द काय, तर दुसऱ्याच कुणाची आजी!"

हे कसं झालं ते दारसुनने सांगितलं. स्पर्धेनंतर गप्प राहण्यात काही अर्थ उरला नव्हता. जनरल खोकला की तो चिडून ओरडायचा, "गप रे, म्हातारीसारखा काय खोकतोस!" जनरल मुद्दाम पुन्हा खोकायचा. मग दारसुन त्याला सगळा हिशेब ऐकवायचा, रातकिड्यांचा, मुंग्यांच्या अंड्यांचा, हुकलेल्या झेंड्याचा. दिवसभर. मध्ये मध्ये साक्षीला मुलाला घ्यायचा. "बघितलंस अल्वारो? बघितलंस याचा माज? हा खोकला कुणाचा? नीनीचा! सांग त्याला, नीनीचा!" गेल्या आठवड्यात मुलाने सांगितलं.

"म्हणजे तू बोलत होतास त्याच्याशी," कार्सिनी म्हणाली.

"मी जनरलशी बोलत होतो."

"मी तेच सांगत होते ना? पिल्लाला रोज, भरपूर..."

"काहीतरीच!" नीनी म्हणाली.

"काईतलीच!" अल्वारो म्हणाला.

पुर्वांतीने तोंडावर हात ठेवला. दारसुनने मुलाला उचलून मांडीवर घेतलं आणि त्याचे कान पुसले. ते स्वच्छच होते.

"त्या कपड्यांचं काय केलंस?" कार्सिनीने पुर्वांतीला विचारलं.

"परत कपाटात ठेवले. ईदला वोनोसोबोला जाऊ आणि तिघंही परत येऊ." ती नीनीकडे वळली. "पण नीनी, तुम्ही मंगळवारी यायचं. गुरुवारीही यायचं. पान आमच्याकडे."

"साखर जास्त घालशील?"

"घालेल हा."

"आणि मी?" कार्सिनीने विचारलं.

पुर्वांतीने दारसुनकडे बघितलं. दारसुन जनरलकडे बघायला लागला.

"तुम्हीही या ना, बू," पुर्वांती म्हणाली. "या वयात नीनींना रस्त्याने एकटं कसं सोडायचं?"

नीनीने आणखी एक भजं उचललं, अर्धं मोडून पोराच्या हातात दिलं. "येऊ दे तिलाही," ती म्हणाली. "तशी ती कुणाला त्रास देत नाही."